दुसरी खूण

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. नव्या सर्व्हरवर काय कुठे बसवायचे, हे सांगणाऱ्या दोनशे बारा ओळी म्हणजे मी. मित्रांनो, आज मला माझीच किळस येते.

स्फाक्स शहरातल्या एका लहान कचेरीत सोंदोसने मला लिहिले. माझ्यात दोन प्रकारच्या रिकाम्या जागा होत्या. जिथे डॉलरची एकच खूण असे, ती जागा मला सर्व्हरकडे पाठवण्याआधी कचेरीतला प्रोग्राम भरी. दोन खुणा दिसल्या की तो एक काढून घेई आणि जागा सोडून देई. ती पुढे सर्व्हर स्वतः भरी. जुन्या फायली कुठल्या फोल्डरमधून पुसायच्या, ते नाव अशाच दोन खुणांच्या जागेत होते. सोंदोस एका हातात हरीसाची तिखट चटणी लावलेला पाव धरून माझी ओळन् ओळ तपासायची. तिचा नवरा शिहाब समोरच्या टेबलावर असे.

नऊ वर्षे मी चोख काम केले. मग रमजानच्या तोंडावर सोंदोस वारली.

नंतर मला कोणीही उघडू लागले. कोणी पासवर्ड माझ्या पोटात उघडाच लिहून ठेवला. कोणी माझ्या सात नकला केल्या आणि प्रत्येकीला 'शेवटची' असे नाव दिले. सोंदोसने माथ्यावर लिहिलेली टीपही कोणी तरी अडगळ म्हणून काढली. उष्ट्या ताटासारखी मी फिरत राहिले. शिहाब ते बघे आणि गप्प राही.

एका सकाळी वजदी नावाच्या नव्या माणसाने मला हातात घेतले. डायलिसिसच्या एका दवाखान्याचा सर्व्हर पुन्हा मांडायचा होता. कोणत्या रुग्णाला कधी यंत्रावर घ्यायचे, ते वेळापत्रक त्यावरच होते.

"शिहाबकाका, काकूंचं बोट अडकायचं वाटतं," तो हसला. "जिथं तिथं दोन दोन डॉलर. दिनारचा कंटाळा आला होता का त्यांना?"

शिहाबने मान वर केली नाही. वजदीने प्रत्येक दुसरी खूण पुसली.

प्रोग्रामला एकच खूण दिसली. ते नाव त्याच्याकडे नव्हते, म्हणून त्याने जागा कोरी ठेवली. फोल्डरचे नावच गेल्यावर 'पुसा' एवढेच उरले. मला नाही म्हणता येत नाही. मी सगळे पुसले. वेळापत्रकाची नक्कलही त्याच सर्व्हरवर ठेवलेली होती.

नर्सने एकेका रुग्णाला फोन करून त्याचा वार विचारला. एका आजोबांना सांगता आला नाही. ते दोन दिवस उशिरा, सुजलेल्या पायांनी यंत्रावर गेले.

वजदीने अहवालात लिहिले, जुन्या स्क्रिप्टमध्ये दोष होता. तेव्हा शिहाब उठला.

"दोष तिचा नव्हता. तिनं दोनदा लिहिलं, तू एकदाही विचारलं नाहीस." मग तो खाली बसला. "आणि मला माहीत होतं, तरी मी बोललो नाही."

त्या दुपारी त्याने सोंदोसचा बंद पडून असलेला संगणक उघडला आणि माझी पहिली नक्कल शोधून काढली.

मित्रांनो, जे कळत नाही ते पुसू नका, आणि ज्याला कळते त्याने गप्प बसू नका. माझ्या माथ्यावर सोंदोसची टीप आता परत आली आहे: "दोन आहेत. मुद्दाम आहेत."