दोन्ही पावलं, तीन सेकंद

शाळा बंद झाल्यापासून तिसरीच्या वर्गात मी मुलांचे दंड मोजते. दंडाभोवती रंगीत पट्टी ओढायची. लाल आलं की पोषणाची पाकिटं, पिवळं आलं की पंधरा दिवसांनी पुन्हा, हिरवं आलं की घरी. मग दोन्ही पावलांवर अंगठे दाबून "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणायचं, म्हणजे बरोबर तीन सेकंद होतात. अंगठे उचलल्यावर खळगा राहिला, तर पट्टी काहीही म्हणो, मूल थेट दवाखान्यात. उपासमारीनं अंगात पाणी भरतं आणि मूल गुटगुटीत दिसायला लागतं. नव्या बायकांना हे मीच शिकवते. शिकवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

त्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली होती. तिच्यात माझी भावजय उभी होती, कडेवर माझी दोन वर्षांची भाची. मी घरच्यांना पाकिटं वाटते, अशी कुजबुज आधीच चालू होती. म्हणून हिला सगळ्यांसारखंच वागवायचं ठरवलं. सगळ्यांपेक्षा जरा कडकच.

"ताई, मोजे राहू द्या ना," भावजय म्हणाली. "आत्ता कुठे पाय गरम झालेत. परत रडेल."

मागे पन्नास बायका ताटकळत होत्या. "राहू दे," मी म्हणाले.

पट्टी हिरवी आली. माझा जीव भांड्यात पडला.

"गाल बघ केवढे झालेत! आईच्या वाटणीचंही हीच खाते वाटतं?"

रांगेतल्या दोघी हसल्या. भावजयही हसली. भाऊ बेपत्ता झाल्यापासून पहिल्यांदाच. "बाळसं धरलंय खरं," म्हणाली आणि पाकीट न मागता गेली. कुणाला बोट ठेवायला जागा उरली नाही याचं मला बरं वाटलं.

नवव्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीवर गेले. भाचीनं मानसुद्धा वळवली नाही. मी सहज तिचा मोजा ओढला. वरच्या इलॅस्टिकची खाच पायात इतकी खोल पडली होती, की दाबून बघायची गरजच पडली नाही. दवाखान्यात तिला लगेच आत नेलं, आम्ही दोघी बाहेर बसलो. पाचव्या दिवशी ती गेली.

मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. सदुसष्ट मुलं मोजली. डबाही खाल्ला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

आठवड्यानं भावजय शेजारणीला घेऊन आली. शेजारीण पोराला सोडायला तयार नव्हती.

"दे गं त्यांच्याकडे," भावजय तिला म्हणाली. "आमचीला ताईंनीच मोजलं होतं. तेव्हा चांगली होती, नंतर बिघडलं. हो ना, ताई?"

"हो," मी म्हणाले.

पट्टी हिरवी आली. मी पोराचे मोजे काढले, पावलांवर अंगठे ठेवले. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. अंगठे उचलले. खळगा नव्हता.

"हे कशाला?" शेजारणीनं विचारलं.

"अंगात पाणी भरलंय का ते कळतं. पट्टीवर कळत नाही."

भावजय माझ्या हातांकडे बघत राहिली.

"आमचीचे नाही दाबलेत तुम्ही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले.