ट्वेटांचे तळे आणि मी

मित्रांनो, मी चर खणणारे एक जुने यंत्र आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात दोन शेतांच्या मध्ये वारा अडवायला लावलेली झाडांची एक रांग आहे. तिथे गवतात मी गंजत उभे असते. माझ्या हातून जे घडले, ते कुणाला तरी सांगावे असे फार दिवस मनात होते.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका कारखान्यात झाला. मला एक मोठे चाक होते आणि त्या चाकाला पोलादी पाती होती. ट्रॅक्टरमागे जोडले की ते चाक गरगर फिरे आणि माती दूर फेकत पुढे जाई. अंगावर नारिंगी रंग होता. गुंडर ट्वेट नावाच्या शेतकऱ्याने मला विकत आणले, त्या दिवशी अर्धा गाव मला बघायला जमला होता.

त्या मुलुखात शेताशेतांत तळी. बर्फ वितळले की ती भरत आणि एप्रिलमध्ये बदके येऊन त्यांच्यावर उतरत. शेतकऱ्याला मात्र प्रत्येक तळ्याला वळसा घालून नांगरावे लागे. मी तळ्यापासून ओढ्यापर्यंत चर काढला की आठ दिवसांत तिथे काळी जमीन उघडी पडायची. तीन वर्षांत मी गुंडरची अकरा तळी आटवली. शेजारी मला मागून नेत. "लोण्यात सुरी जावी तसं चालतं बघा," गुंडर सांगायचा. मला ते ऐकायला आवडायचे. खोटे कशाला बोलू?

शेवटी मोठे तळे तेवढे राहिले. चाळीस एकर पाणी आणि भोवती उंच लव्हाळे. गुंडर आणि त्याचा धाकटा भाऊ आन्सगर, दोघांनाही त्यांच्या वडिलांनी तिथेच बंदूक धरायला शिकवले होते. दर ऑक्टोबरला शिकारीचा हंगाम उघडला की दोघे भाऊ त्या लव्हाळ्यात बसत. गुंडरची मुलगी मारित दोघांच्या मध्ये बसे, कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन. ती अकरा वर्षांची होती. आन्सगर तिच्या हातात काठी देऊन म्हणायचा, "चोचीच्या पुढे नेम धर गं. शेपटीवर धरशील तर नुसतं आभाळ मारशील!" पुढच्या ऑक्टोबरला खरी बंदूक देईन, असे गुंडरने तिला कबूल केले होते.

त्याच वर्षी गव्हाचा भाव आकाशाला भिडला. गुंडरने मला तेलपाणी केले, तेव्हा आन्सगर अंगणात येऊन उभा राहिला.

"गुंडर, हे तळं सोड. बाकीची अकरा आटवलीस, मी बोललो काही?"

"बोलला नाहीस, पण तोंड वाकडं करून हिंडत होतास की."

"अरे, बदकांनी जायचं कुठे?"

"त्यांना तळ्यांचा काय तोटा? तुझं डबकं आहे ना कोपऱ्यातलं, कधी आटवणार नाही म्हणून सरकारला लिहून दिलेलं. तिथे बस बगळ्यासारखा."

"प्रत्येक जण हेच म्हणतोय, शेजाऱ्याचं आहे ना! उद्या शेजाऱ्याचंही नसेल. आणि बदकं गेली की शिकारीही जातील. मग या पाण्यासाठी भांडणार कोण? आपण शिकारीच्या परवान्याचे पैसे भरतो, त्यातून तर थोडी तळी टिकलीत. मारितला काय दाखवणार आहेस तू? गहू?"

ते गुंडरला लागले. "माझ्या पोरीचं मी बघतो," तो ओरडला. "आजपासून ती तुझ्याकडे येणार नाही. आणि तूही इथे यायचं नाहीस."

आन्सगर टोपी घालून निघून गेला.

पक्षी दक्षिणेला गेल्यावर मला जुंपले. तीन दिवस मी खणत होते. तिसऱ्या दिवशी काठ फुटला आणि पाणी असे धावले, जणू कुणी त्याला हाकलले होते. तळाशी गोगलगायी उघड्या पडल्या. उरलेल्या एका डबक्यात एक पाणउंदीर गोल गोल पोहत राहिला. मारित लाल टोपी घालून काठावर उभी होती.

एप्रिलमध्ये तलवार बदके आली. लांब मानेची, टोकदार शेपटीची. त्यांनी वरून घिरट्या घातल्या, चिखलात उतरली, पुन्हा उडाली, पुन्हा फिरून आली. दुसऱ्या दिवशी ती निघून गेली. एक मादी मात्र राहिली. तिने दरवर्षीसारखे जुन्या काठाजवळ गव्हाच्या खुंटांत घरटे केले. पाणी नाही हे तिला दिसत नव्हते, की ते परत येईल असे वाटत होते, कोण जाणे. मे महिन्यात पेरणी झाली. पेरणीचे यंत्र त्या घरट्यावरून गेले.

मारितला ती अंडी सापडली. सात होती. तिने ती फुटकी कवचे आणून माझ्या चौकटीवर ओळीने मांडली. गुंडर मला ग्रीस लावायला आला, तेव्हा ती त्याला दिसली. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने फडक्याने चौकट पुसून घेतली.

ऑक्टोबरला त्याने कबूल केल्याप्रमाणे मारितला बंदूक दिली. दोघे शेताच्या कडेला दुपारपर्यंत बसले. बदकांचे थवे उंचावरून न थांबता गेले.

"बाबा, काकाच्या तळ्यावर जाऊया का?"

"नको."

मारितने न झाडलेली बंदूक त्याच्या हातात परत दिली. पुढच्या वर्षी ती आली नाही.

मग तळी आटवण्याविरुद्ध नवे कायदे आले, चर खणणे थांबले आणि मला या झाडांत आणून सोडले. इथून आन्सगरचे छोटे तळे दिसते. दर ऑक्टोबरला तो दोन स्टुले घेऊन लव्हाळ्यात जायचा. एकावर स्वतः बसायचा, दुसरे शेजारी ठेवायचा. संध्याकाळी दोन्ही परत न्यायचा. अठरा वर्षे मी हे पाहिले. गुंडरच्या अंगणातूनही ते दिसत असणार. पण तो कधी गेला नाही.

एका फेब्रुवारीत आन्सगर हृदयविकाराने गेला. त्याने लग्न केले नव्हते, म्हणून घर आवरायला गुंडरच गेला. येताना त्याच्या हातात ती दोन स्टुले होती. एक बसून बसून गुळगुळीत झाले होते. दुसऱ्याचा रंगही उडाला नव्हता. माझ्याजवळ येऊन तो थांबला, ते न वापरलेले स्टूल त्याने बर्फात ठेवले आणि त्यावर बसला. गुंडरला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

बर्फ वितळल्यावर त्याने ट्रॅक्टरने माती ओढून चराचे तोंड बंद केले. मी तीन दिवस खणलेला चर अडवायला त्याला एक दुपार पुरली. पुढच्या वसंतात तळे भरले. ऑक्टोबरमध्ये त्याने मारितला बोलावून घेतले. ती दूर मिनियापोलिस शहरात राहत होती. तिची तिशी उलटली होती.

"घे," तो बंदूक पुढे करत म्हणाला. "बघ, पाणी आलंय."

"मला नेम धरता येत नाही, बाबा."

"मी शिकवतो की!"

"तुझे हात कापतात आता. मला काका शिकवणार होता. तू जाऊ दिलं नाहीस."

"माझं चुकलं गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

दोघे संध्याकाळपर्यंत बसून राहिले. थोडी लहान बदके पाण्यावर होती. तलवार बदके आली नाहीत. कधीच आली नाहीत.

गुंडर गेला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. शेत मारितच्या नावावर आहे. परवा जमीन कसायला मागणारा एक माणूस तिच्याबरोबर इथे आला होता. माझ्या चाकाच्या आऱ्यांमधून एक झाड वर गेले आहे. त्याने मला लाथ मारून पाहिले आणि विचारले, "हे अजून चालेल का हो?"

"चालेल," मारित म्हणाली. "म्हणूनच ते झाड मी कुणाला तोडू देत नाही."

मित्रांनो, तुमच्याही गावाजवळ एखादी पाणथळ जागा असेल. तिला कुणी वाया गेलेली जमीन म्हणत असेल, तर त्याला वेळीच अडवा. मला ते जमले नाही. मी यंत्र होते, जुंपले की चालत होते. आटलेले पाणी परत आणता येते, हे मी या डोळ्यांनी पाहिले. पण त्या पाण्याची वाट ठाऊक असलेले पक्षी आणि त्याच्या काठी आपली वाट बघत बसलेला माणूस मात्र परत आणता येत नाही.