लढाईला जवळचे शब्द

“थांबा,” हिसाए म्हणाली. “‘फाइट’च्या नंतर माझ्याकडे अर्धविराम आहे. तुम्ही स्वल्पविराम म्हणालात.”

कुझुमींनी चष्मा कपाळावर चढवला आणि हस्तलिखित नाकाशी धरलं. अक्षर त्यांचंच होतं.

“अर्धविरामच आहे. माझंच चुकलं.”

“तुमचं म्हणजे सदा तुमचंच चुकतं. कधीतरी छापखान्यालाही चुकू द्या की.”

बुटक्या टेबलावर रजई पसरलेली, आत शेगडी, आणि दोघांचे पाय त्या उबेत. कुझुमी हस्तलिखित मोठ्याने वाचत, विरामचिन्हांसकट. समोर बसलेली हिसाए कच्च्या प्रुफावर लाल पेन्सिलीचं टोक सरकवत ऐके आणि दोन्ही जुळलं की ‘हं’ म्हणे. या धंद्यात प्रूफ असंच वाचतात, जोडीने. लग्नाआधी ती कांदा नावाच्या पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होती आणि कुझुमी शब्दकोशाच्या कचेरीत नवे लागले होते. पुढे तिने नोकरी सोडली, पण इंग्रजी-जपानी कोशाची प्रत्येक आवृत्ती याच टेबलावर दोघांनी वाचली.

कुझुमी कधी परदेशी गेले नव्हते. एकदा ओचानोमिझू स्टेशनबाहेर एका गोऱ्या माणसाने त्यांना रस्ता विचारला, तेव्हा ते तीनदा कमरेत वाकले आणि चक्क पळून आले. आपण लिहिलेलं इंग्रजी कोणी इंग्रज खरोखर बोलत असेल का, ही धास्ती त्यांना जन्मभर होती. हिसाएने ‘हं’ म्हटलं की ती धास्ती तेवढ्या ओळीपुरती जायची.

त्या संध्याकाळी ‘फाइट’खालची चौकट चालली होती. भांडण, लढाई, चढाओढ अशा जवळच्या शब्दांमधला फरक विद्यार्थ्यांना कळावा म्हणून ती कुझुमींनी स्वतः लिहिली होती.

“काल मुळ्याच्या लोणच्यावरून आपलं झालं, ती काय फाइट?” हिसाएने विचारलं.

“छे. ते क्वारल. नुसती तोंडातोंडी. फाइटमध्ये हात उचलावा लागतो.”

“आणि सासूबाईंचं नि माझं?”

कुझुमी थोडे घुटमळले. “तो कॉन्फ्लिक्ट म्हणायचा. दोघींना हवं होतं ते एका घरात मावत नव्हतं. आवाज नाही, मारामारी नाही, पण आहे.”

“बावीस वर्षं होता,” ती म्हणाली. “बरं, कॉम्पिटिशन आणि रायव्हलरी एकच ना?”

“नाही गं. कॉम्पिटिशनला बक्षीस लागतं. ते मिळालं की माणसं घरी जाऊन जेवतात. रायव्हलरीला बक्षीस नसलं तरी चालतं. समोरचा माणूस मात्र तोच लागतो.”

“म्हणजे मी आणि तोफूवाली ओकाने. तिचा नवरा रिटायर झाला, तिला चष्मा लागला, तरी संपेना.” ती हसली, आणि हसता हसता उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला. “हे मेले खडे. हसूसुद्धा देत नाहीत.”

कुझुमींनी पुढचं पान उचललं.

पित्ताशयात खडे आहेत, असं तिला सांगितलं होतं. ते कुझुमींनीच सांगितलं होतं. आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि खऱ्या आजाराचं नाव घेतलं. वसंतात चेरी फुलेपर्यंत काढतील, फार तर.

“बाईंना अर्थात काही बोलायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “खडे म्हणा. रोग्याचा धीर सुटला की मग औषधाला काही काम उरत नाही. हे ओझं घरच्यांनीच उचलायचं असतं, कुझुमीसाहेब.”

कुझुमी वाकून “आपली कृपा,” म्हणाले. सगळे तसंच करत. त्यांच्या भावाने वहिनीच्या वेळी तेच केलं होतं, आणि वहिनी शेवटपर्यंत उन्हाळ्यात गरम पाण्याच्या कुंडांना जायचे बेत करत गेली. आपल्याला हे जमेल का, एवढाच त्यांना प्रश्न होता. खोटं बोलण्याची सवय नव्हती म्हणून नव्हे. हिसाएच्या डोळ्यांतून छापलेलं तुटकं टिंबसुद्धा सुटत नसे म्हणून.

“बॅटल,” ते वाचू लागले. “मोठ्या युद्धातली एक लढाई. सुरुवात आणि शेवट ठरलेला. पूर्णविराम.”

“हं.”

“स्ट्रगल. समोरचा आपल्याहून बळकट असतो, स्वल्पविराम, किंवा समोर कोणी नसतंच. पूर्णविराम. सुटण्यासाठी केलेली धडपड. पूर्णविराम.”

“हं.”

आणि त्यांच्या डोळ्यांना पुढची ओळ दिसली. उदाहरणाचं वाक्य. दोन वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेलं, तेव्हा त्यात त्यांना काहीच वाटलं नव्हतं. सगळ्याच कोशांमध्ये अशी वाक्यं असतात. ‘दीर्घ आजाराशी झगडून अखेर त्या वारल्या.’

थांबलं तर ती वर बघेल. खोकला काढला तर पाणी आणायला उठेल आणि परत येऊन तिथूनच सुरू करील. कुझुमींनी श्वास घेतला आणि वाचनाच्या त्याच सपाट आवाजात, हस्तलिखितात नसलेलं एक इंग्रजी वाक्य उच्चारलं. म्हातारा माणूस तांदळाचं पोतं घेऊन टेकडी चढायला झगडत होता. पूर्णविराम.

उच्चारलं आणि मग त्यांना कळलं, आपण काय केलं ते. हस्तलिखित त्यांच्या हातात होतं. छापलेलं वाक्य तिच्या हातात होतं.

पेन्सिल थांबली. शेगडीत कोळसा खचला तेवढा आवाज झाला. हिसाएने मान वर केली नाही. तिच्या बोटाचं नख त्या ओळीखाली होतं आणि ती ओळ ती वाचत होती, एकदा, मग पुन्हा. उभ्या आयुष्यात नवऱ्याने एक ओळ चुकवली नव्हती, आणि आज अख्खं वाक्य बदललं होतं. ते नेमकं कोणतं, हे तिच्यासमोर छापलेलं होतं.

आता ती ‘जुळत नाही’ म्हणेल. 

हिसाएने छापलेल्या ओळीवर सरळ लाल रेघ मारली.

“जरा सावकाश सांगा,” ती म्हणाली. “लिहून घेते. पोतं म्हणालात की नुसतं ओझं?”

“पोतं,” कुझुमी म्हणाले. “तांदळाचं.”

समासात तिने ते वाक्य लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, छापखान्याला वाचता येईल असं सुटं.

“पोहोचला का हो तो वर?”

“ते… ते या शब्दात येत नाही. पोहोचला म्हटलं तर शब्द बदलावा लागेल.”

“मग असू दे. चढू दे त्याला.” तिने पेन्सिल पुढच्या ओळीवर नेली. “वाचा. थांबलात का?”

त्या रात्री आणि नंतरही ती त्याबद्दल काही बोलली नाही. खड्यांची चौकशी कोणी केली तर पूर्वीपेक्षा जास्त उत्साहाने सांगे; ओकानेबाईला तर तिने खडे बोराएवढे आहेत म्हणून सांगितलं. कुझुमी आत बसून ऐकत. तिला कळलंय, हे त्यांना कळलं होतं. त्यांना ते कळलंय, हे तिलाही कळलं होतं. तरी दोघं एकमेकांसमोर ते नीट सांभाळून नेत होती, चहाचा भरलेला ट्रे दोघांनी धरावा तसं.

फेब्रुवारीत तिला दवाखान्यात हलवलं. कुझुमी रोज प्रुफं घेऊन जात. तिला पेन्सिल धरवत नसे. ते त्याच सपाट आवाजात वाचत, ती डोळे मिटून ऐके. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नर्स लगबगीने आली.

“आजोबा, अहो, इथे मंत्र नका ना म्हणू! पलीकडच्या आजी घाबरल्यात. कोणी गेलं का म्हणून विचारतायत.”

कुझुमी उठून वाकले, पलीकडच्या पलंगाकडे वाकले, पुन्हा नर्सकडे वाकले. हिसाएचे खांदे हलत होते. ती हसत होती.

“एवढा मोठा कोशकार,” ती म्हणाली, “आणि लोकांना वाटतं भटजी.”

प्रुफं पिशवीत गेली. कुझुमी गुडघ्यांवर हात ठेवून बसले. कागद नसताना बायकोशी काय बोलायचं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग ते म्हणाले, “हिसाए, मला तुला एक…”

“नको,” तिने लगेच म्हटलं. “डॉक्टरांना वाईट वाटेल. बिचारे रोज येऊन किती छान थापा मारतात.” मग म्हणाली, “तुम्हीपण बऱ्या मारता. मला वाटलं होतं तुम्हाला दोन दिवससुद्धा जमणार नाही.”

कुझुमींनी मान खाली घातली. तिने रजईतून हात काढून त्यांच्या बाहीचं टोक धरलं.

“मला इथून खिडकी दिसत नाही,” ती म्हणाली. “बाहेर काय आहे ते सांगा. बघून सांगा हं. मनचं नको.”

ते उठून खिडकीशी गेले. बघितलेलं सांगायचं म्हणजे त्यांना नेहमी भीती वाटे, काहीतरी चुकेल.

“समोर गच्ची आहे. कठड्यावर दोन गाद्या वाळत घातल्यात.”

“कसल्या?”

“एक निळ्या रेघांची. दुसरीवर फुलं… शेवंती असावी. नाही, नक्की सांगता येत नाही.”

“बरं. मग?”

“एक बाई आली. काठीने झोडपतेय. काठी आधी दिसते, आवाज जरा मागून येतो.”

त्यांनी मागे पाहिलं. हिसाएने डोळे मिटले होते. तिचा श्वास संथ, खोल येत होता. ऊन उतरत होतं. पलीकडच्या आजींसाठी कोणीतरी चहा आणला.

“निळी उचलली,” कुझुमी हलक्या आवाजात म्हणाले. “आत घेऊन गेली. दुसरी अजून कठड्यावर आहे.”

गच्चीचं दार उघडंच होतं. बाई अजून बाहेर आली नव्हती. सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ते खिडकीशीच उभे राहिले.