कड्यातला कोळी

जी चूक केवळ करणाऱ्यालाच ठाऊक असते, तिच्याइतकी माणसाची परीक्षा दुसरे काही घेत नसावे. उघड झालेल्या चुकीला लोक बोल लावतात आणि कालांतराने विसरतात. झाकलेल्या चुकीचा निवाडा मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो. आत्यांवर ही वेळ आली ती नोकरीच्या शेवटच्या दिवशी, भांडी धुताना.

रसायनशाळेत त्यांना लहानथोर सगळेच आत्या म्हणत. रेणूंची कडी घडवणे हे त्यांचे जन्माचे काम. काही सूक्ष्म जीव प्रकाश झेलण्यासाठी रंगद्रव्याची वर्तुळे बाळगतात. त्यांच्याच धर्तीवर माणसाने रचलेली ही कृत्रिम कडी. सहा रेणू वर्तुळात जोडायचे, तर मधोमध सहा पायांचा एक आधार-रेणू लागतो. त्याचे टोपणनाव कोळी. "कोळ्याला आठ पाय असतात," असे कोणी म्हटले, की आत्या म्हणत, "आमचा गरीब आहे, सहांत भागवतो." कडे जुळले की कोळी काढून घ्यायचा आणि पोकळ कडे मागणाऱ्याच्या स्वाधीन करायचे, ही तिथली रीत.

शेजारच्या लेसरच्या खोलीत काम करणाऱ्या संशोधक मुलीला आत्यांनी घाईबाई असे नाव ठेवले होते. या खेपेस तिला कोळ्यासकट कडी हवी होती. कारण कोळ्यामुळे कडे ताठ राहते. अशा कड्यावर प्रकाश पडला, तर त्याची ऊर्जा एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते, की आरंभापासूनच साऱ्या कड्याची असते? पुंजभौतिकीला दुसरी गोष्ट अशक्य नव्हती. आणि तसे असेल, तर प्रकाश नेमका कोणी झेलला, हा प्रश्नच उरत नव्हता. या उत्तरावर मुलीचा प्रबंध उभा होता, आणि लेसर उद्या दुसऱ्या गटाकडे जायचा होता.

दुपारी ती दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, तुमची कडी आळशी निघाली हो! ऊर्जा एकेका रेणूवर रेंगाळते, मग पुढे सरकते. सगळ्यांची मिळून होतच नाही."

"नीट बघितलंस ना? तुझं सगळं घोड्यावर बसून चालतं."

"पुन्हा पुन्हा बघितलं. निसर्ग नाही म्हणतोय, तर तसंच लिहीन." चेहरा उतरला होता, तरी ती हसली. "तुमच्या कड्यात खोट निघायची नाही, म्हणून तर खात्री. आवरा आता. सर तुमच्या निरोपाचं भाषण पाठ करताहेत. 'आत्यांच्या हातून कधी चूक झाली नाही,' एवढंच वाक्य जमलंय त्यांना."

ती गेली. आत्या पुन्हा मोरीकडे वळल्या. काठावर कडी धुतल्यावर उरलेल्या धुवणाचा चंबू होता, आणि त्यावरच्या चिठ्ठीत त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: कोळी.

त्यांचा हात थांबला. आजन्म जे केले, तेच हातांनी पुन्हा केले होते. कडी पोकळ गेली होती.

नळ वाहत होता. चंबू जरासा कलता केला असता, तर ही गोष्ट पाण्याबरोबर गेली असती. बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. आत्यांनी नळ बंद केला आणि चंबू घेऊन त्या लेसरच्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"पोरी, तुझ्या कड्यात कोळी नाहीये."

"म्हणजे?"

"मी काढून टाकला. सवयीनं. तू सांगितलंस, मी मान डोलावली, आणि हातांनी नेहमीचंच केलं. कडं लुळं पडलंय, म्हणून ऊर्जा रेंगाळते. त्याचं खापर निसर्गावर फोडू नकोस."

मुलीने चंबूवरची चिठ्ठी वाचली. मग हळूच म्हणाली, "आत्या, मी हे छापलं असतं."

"म्हणून तर आले. रागव हवं तर. पण काम करता करता रागव."

"आता काय करायचं?"

"कोळी घरचाच आहे. जागा रिकामी दिसली की आपण होऊन जाऊन बसतो."

त्यांनी कपाटातून शुद्ध कोळ्याची बाटली आणली आणि थेंब थेंब द्रव कड्यांच्या द्रावणात सोडला. रंगाची छटा किंचित पालटली. मुलीने नमुना किरणांसमोर ठेवला. बाहेर चहा निवत होता. कोणी हाक मारली, कोणी ओ दिली नाही.

पडद्यावर रेघ उमटली. मुलगी तिच्याकडे पाहतच राहिली.

"आत्या... पहिल्यापासून सगळ्यांचीच आहे. प्रकाश कुणी झेलला, ते सांगताच येत नाही."

"नको सांगूस," आत्या म्हणाल्या. "चल, सर ताटकळलेत."

सर बोलायला उठले, तेव्हा आत्या म्हणाल्या, "सर, ते चुकीचं वाक्य तेवढं गाळा. आजच एक झाली."

"अहो, मग मी बोलू काय?"

"लवकर आटपेल. चहा निवलाय."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने घाईबाई हसली, आणि मग तिनेच डोळे पुसले.

संध्याकाळी खुंटीवर आत्यांचा पांढरा कोट राहिला. बाह्या अजून कोपरांत वाकलेल्याच होत्या. ज्या हातांनी ती कडी जुळवली, त्यांना विसावा लाभो. आणि ज्या डोळ्यांना अजून पाहायचे आहे, त्यांना धीर लाभो.