गॉर्डन गोड बोलला तेव्हा

गॉर्डननं माझ्या नवऱ्याला "नेव्हिल" अशी हाक मारली आणि मी हातातली किटली खाली ठेवली.

उत्तर इंग्लंडातल्या लँकशरमधल्या आमच्या बोलिंग क्लबात चहापाण्याचं मी बघते, आणि चहाघराच्या खिडकीतून सगळी हिरवळ दिसते. खेळ सोपा आहे. लहान चेंडूच्या जवळात जवळ आपला मोठा चेंडू घरंगळत न्यायचा. गॉर्डन, क्लाइव्ह आणि माझा नेव्हिल आधी सूतगिरणीत एकत्र होते, गिरणी बंद पडल्यावर इथं एकत्र. एवढ्या वर्षांत त्या दोघांच्या तोंडून नेव्हिलचं नाव मी ऐकलं नव्हतं. तो असायचा 'वाझक', म्हणजे ठोंब्या. चेंडू भलतीकडे गेला की 'नम्पटी', म्हणजे डोक्यानं रिकामा. आणि फारच प्रेम दाटून आलं की 'डाफ्ट हेपथ', म्हणजे दिडदमडीचा खुळा. बाहेरच्या माणसाला वाटावं, आता मारामारी होणार. खरं तर ती आमची "बरा आहेस ना?" अशी चौकशी असते.

त्या दिवशी नेव्हिलचा चेंडू निम्म्या वाटेतच बसला. इतका भिकार खेळ शेंबडं पोरही करत नाही. मी कान टवकारून शिव्यांची वाट बघत होते.

"छान प्रयत्न होता," क्लाइव्ह म्हणाला.

"दमलास का, नेव्हिल? बस जरा," असं म्हणून गॉर्डन खुर्ची आणायला धावला.

आमच्याकडे आदबीनं बोलतात ते पोलिसाशी, पाद्र्याशी आणि मरायला टेकलेल्याशी. नेव्हिल पोलीस नाही, आणि चर्चची पायरी तर तो लग्नानंतर चढलेला नाही. गॉर्डन खुर्ची घ्यायला आत आला, तसं मी दार अडवलं.

"काय झालंय त्याला?"

"कुणाला? काही नाही गं."

"गॉर्डन, तुझ्या बायकोचा पाय मोडला होता तेव्हा तिलासुद्धा तू खुर्ची दिली नव्हतीस."

तो टोपी हातात फिरवत राहिला. "त्यानं शपथ घातलीय, बेरिल."

"मोड."

मग सगळं बाहेर आलं. नेव्हिलच्या फुप्फुसाच्या फोटोत डाग दिसला होता. इस्पितळानं आत नळी घालून तुकडा तपासायला नेला होता. क्लाइव्हची पन्हळ साफ करायला जातो म्हणून घरून निघाला होता, तो याच तपासणीचा दिवस. निकाल गुरुवारी लागायचा होता. मला घोर लागेल म्हणून मला सांगायचं नव्हतं.

"आणि हे गोड बोलणं कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?"

गॉर्डन जमिनीकडे बघत म्हणाला, "कसं म्हणू गं त्याला वाझक? उद्या काही बरंवाईट झालं, तर माझा शेवटचा शब्द तोच राहायचा."

मी त्याला तिथंच झापणार होते, पण त्याची हनुवटी थरथरत होती. मग खुर्ची मीच उचलून बाहेर नेली.

संध्याकाळी जेवताना नेव्हिलनं बटाटे नुसते चिवडले.

"तुला कळलंय," तो म्हणाला.

"कळलंय. गुरुवारी मी येतेय."

"कुरकुर करण्यासारखं काही नाही." खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हाही हा माणूस हेच म्हणाला होता. मग त्यानं काटा खाली ठेवला. "बेरिल, गॉर्डन माझ्याशी चांगलं वागतोय. डॉक्टर त्याच्याशी काही बोललेत का गं? त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे का?"

हसावं की रडावं तेच मला कळेना. त्याला घाबरलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मी त्याचा हात धरला खरा, पण माझाही थंडगार पडला होता.

गुरुवारी डॉक्टरीणबाई तरुण होत्या, लंडनकडच्या.

"कसं वाटतंय तुम्हाला?"

"कुरकुर करण्यासारखं काही नाही," नेव्हिल म्हणाला.

"म्हणजे महिनाभर डोळ्याला डोळा नाही," मी सांगितलं.

बाईंनी ताणून धरलं नाही. "कर्करोग नाही. जुन्या न्यूमोनियाचा व्रण आहे. काही महिन्यांनी पुन्हा एक फोटो काढू, एवढंच."

मी सुटले. खरंच सुटले, छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेलं. नेव्हिल म्हणाला, "बरं," आणि कोटाच्या उलट्या बाहीत हात घालत बसला. तो कोट मीच त्याला नीट चढवला.

"फोन कर त्यांना," मी गाडीत म्हणाले.

"नको. क्लबातच जाऊ."

आम्हाला बघून दोघं उभे राहिले. क्लाइव्हनं चक्क टोपी काढली.

"ये, नेव्हिल," गॉर्डन हळू आवाजात म्हणाला.

"टोपी घाल रे, टक्कल गारठेल," नेव्हिल म्हणाला. "जुना व्रण आहे. बाकी काही नाही."

गॉर्डननं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तो धुतल्या पँटनिशी ओल्या गवतात मटकन बसला, आणि उठला तो लालबुंद होऊन.

"अरे दिडदमडीच्या! इतके दिवस मी तुझ्याशी गोड बोलतोय! जीभ झडायची बाकी राहिली माझी! बायकोला वाटलं, मलाच काहीतरी झालंय!"

"आणि तो त्या दिवशीचा चेंडू!" क्लाइव्ह ओरडला. "माझी मेलेली सासू लांब टाकील त्याच्याहून, वाझका!"

नेव्हिल दोन्ही हात खिशात घालून उभा होता.

"अजून," तो म्हणाला. "थांबू नका."

ते कशाला थांबतायत! त्यांचा दम संपला तेव्हा मी बाह्या सरसावून पुढे आले, कारण आता पाळी माझी होती.

"पन्हळ साफ करायला गेला होतास काय रे, लबाडा? बायकोच्या नकळत नळ्या घालून घेतोस? पुन्हा मला न सांगता इस्पितळाची पायरी चढलास, तर बघ, डाग मी पाडीन!"

मी पुष्कळ बोलले, आणि सगळं छापण्यासारखं नव्हतं. नेव्हिलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड भरून हसू होतं. इतका सुखावलेला मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.