चार पुड्या, आठ शेळ्या

शेळ्यांच्या बाबतीत कुणी आपल्याला शिकवलेलं काकूंना खपत नसे. पण शिकवायला आलेली सख्खी पुतणी, तीही याच घरात लहानाची मोठी झालेली, म्हणून त्या मुकाट्याने ऐकत होत्या.

"लाल फितीवाल्या चौघींना रोज खुराकात भरडलेलं जवस, शेळीमागे एक पुडी," पुतणी सांगत होती. "निळ्या फितीवाल्या चौघींना नुसता नेहमीचा खुराक."

"निळ्यांनी काय घोडं मारलंय?"

"काही नाही गं. जवसाने दुधातली चांगली चरबी वाढते का, ते बघायचंय. मग तुलना नको का करायला?"

म्हणणं रास्त होतं. पुतणीची पदवी या एका प्रयोगावर अडकली आहे, हेही काकूंना ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं. निळ्या फितीवाल्यांत सासूबाई होती; सगळ्यांत थोरली आणि नावाला जागणारी शेळी. एरवी जरा उशीर झाला तर गोठा डोक्यावर घेणारी ही बया त्या दिवशी ओरडली नाही की ढुशी मारली नाही. फळीवर हनुवटी टेकून शेजारणीच्या घमेल्याकडे नुसती बघत राहिली. कसेबसे दोन दिवस काढून तिसऱ्या दिवशी त्यांनी चारही पुड्या एका पातेल्यात ओतल्या आणि आठ जणींना सारख्या वाटून टाकल्या. एवढ्याशाने काय बिघडतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ते स्वतःला पटवूनही घेतलं. पुतणी आठवड्यातून एकदा येई आणि बाटल्यांत दूध भरून प्रयोगशाळेत घेऊन जाई.

सहा आठवड्यांनी ती आली ती एवढंसं तोंड करून. गोठ्यातल्या पालथ्या बादलीवर बसली.

"लाल काय, निळ्या काय, सगळ्यांचं दूध सारखंच निघालं, काकू. जवस न खाणाऱ्यांचंसुद्धा सुधारलंय! असं कुठे होतं का? बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा घोळ मीच घातला असणार. सर म्हणाले, बाटल्या सांभाळता येत नसतील तर दुसरं काहीतरी बघ."

तिने ओढणीने नाक पुसलं. काकू गप्प राहिल्या असत्या तर खपूनही गेलं असतं, शेळ्यांना विचारायला कोण येणार होतं? पण पोरगी स्वतःलाच दोष देत होती आणि ते काकूंना सोसेना.

"चिठ्ठ्या बरोबर होत्या. घोळ माझा आहे. मी आठही जणींना घालत होते."

पुतणी उठून उभीच राहिली. "का पण? एवढं समजावलं होतं मी तुला!"

"सासूबाई बघत राहायची गं. तू बघायचीस तशी." काकूंनी सासूबाईच्या फळीवर हात टेकवला. "तुझी आई गेली, तू इथे आलीस, तेव्हा एकच शेळी होती. दूध निघायचं पेलाभर. ते मी माझ्या लेकाला द्यायचे आणि तुझ्यापुढे कोरा चहा ठेवायचे. तू कधी मागितलं नाहीस. मला लाज वाटते त्याची. अजून वाटते."

पुतणी पुन्हा पालथ्या बादलीवर बसली.

"मला वाटायचं, तुला ते दिसत नाही," पुतणी म्हणाली.

मग तिने अंगणात जाऊन सरांना फोन लावला आणि होतं ते सगळं सांगितलं. परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"खूप बोलले. पण अडीच महिने दिले. आता पाळ्या लावायच्या. आधी दोन आठवडे कुणालाच जवस नाही. मग तीन आठवडे लाल फितीवाल्यांना, पुन्हा दोन कोरडे, मग तीन निळ्यांना. मिळेल प्रत्येकीला, पण आपापल्या पाळीला. जमेल?"

"जमवेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईने फळीवर हनुवटी टेकली.

"थांब की जरा! तुझीही पाळी येणार आहे," काकूंनी तिला दटावलं आणि धार काढायला बसल्या. नमुन्याच्या बाटल्या भरून उरलेलं दूध त्यांनी तापवलं, मोठा पेला काठोकाठ भरला आणि पुतणीपुढे ठेवला.

"काकू, मला चहा चालेल गं."

"चहा नाही. तुझी पाळी वीस वर्षं राहून गेलीय."

पुतणीने पेला दोन्ही हातांनी उचलला. तो रिकामा होईपर्यंत काकू तिच्यासमोरून हलल्या नाहीत.