बाबांच्या नावाला संदर्भ

माझा नवरा नागसेन एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. दिवसभर दर्यापूरच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारतो आणि घरी आला की कॉम्प्युटरपुढे बसून विकिपीडियावरचा पसारा आवरतो. इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश कोणालाही लिहू देतो, आणि लोक काहीही लिहितात. एखाद्या गावाच्या पानावर कोणी ‘आमचं गाव जगात भारी’ लिहून जातं, कोणी सरपंचाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतं, कोणी आपल्या कृषी केंद्राचा मोबाइल नंबर टाकून मोकळं होतं. नागसेन ते काढतो, लोकसंख्या दुरुस्त करतो, चुकलेला तालुका जागेवर आणतो. त्यात पैसा नाही आणि नावही नाही.

“लष्कराच्या भाकऱ्या भाजून राहिले तुमी,” मी म्हणायची. “घरचा नळ गळून राहिला, अन् हे चांदूर बाजारचं पान पुसून राहिले.”

“नळ आपल्या दोघायलेच दिसते, ललिता. पान समद्यायले दिसते,” तो म्हणायचा आणि नळ गळत राहायचा.

मी अंगणवाडी सेविका. मला हे रिकामपणाचे उद्योग वाटायचे. २०११ साली मात्र हा उद्योग माझ्या माहेरावर आला.

माझ्या भावाची मुलगी नीलम तेव्हा अमरावतीला कॉलेजात होती. होस्टेलवर एका मुलीने नीलमच्या गावाचं पान उघडलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आमचं सांगवखेड हे दर्यापूरपासून बारा किलोमीटरवरचं गाव. पानावर तीनच ओळी होत्या. गाव कुठल्या तालुक्यात, लोकसंख्या किती, आणि तिसरी, ‘शेतकरी आत्महत्यांमुळे हे गाव चर्चेत आले.’ तिच्याखाली वर्तमानपत्रांचे चार संदर्भ. त्या दिवसापासून नीलमला ‘आत्महत्यावाल्या गावची’ म्हणू लागले.

पोरगी माझ्यासारखीच तापट. तिने रडत न बसता चौथी ओळ लिहिली, ‘येथील बुधाजी तायडे यांनी प्रौढ वर्ग चालवून दोनशे लोकांना साक्षर केले.’ बुधाजी म्हणजे माझे बाबा. दिवसा लोकांच्या वावरात राबायचे आणि संध्याकाळी विहारात फळा मांडायचे. दोनशे माणसं सहीला लावली, हे आमच्या घरात प्रत्येक जयंतीला सांगितलं जायचं. दोन दिवसांनी ती ओळ गायब झाली. पानावर कोणी काय केलं ते त्याच्या इतिहासात दिसतं. नीलमने इतिहास पाहिला आणि मला फोन केला.

“आत्या, आतोबांनंच खोडलं.”

नागसेन घरी आला तेव्हा मी दारातच उभी होते.

“माह्या बापाचं नाव काहून खोडलं?”

“संदर्भ नव्हता,” तो चप्पल काढत म्हणाला. “कुठं छापून आलं असन तरच ठेवता येते. आपल्याले माहीत हाये, तेवढ्यानं होत नाही.”

“मंग ते मरणाचं?”

“ते चार पेपरात छापलं हाये.”

छापणारच. त्या वर्षांत आमच्याकडे खेड्यात पत्रकार यायचा तो याच एका कामाला. मेलेल्यांना चार संदर्भ आणि जन्मभर खडू धरलेल्या माणसाला एकही नाही, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने मान खाली घातली, पण ओळ परत घातली नाही.

“मंग तुमीच शोधा अन् तुमीच लिवा.”

“शोधतो. पन लिवता येत नाही. आपल्या मान्साबद्दल आपन लिवायचं नाही, असा कायदा हाये तिथला. म्या त्यायचा जावई हाये.”

“खोडताना नव्हते जावई?”

पुढचे चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. चहा ठेवायची, पण कप आपटून.

माझ्या या रुसव्यात त्याने काय केलं, ते मला नंतर कळलं. प्रत्येक पानामागे एक चर्चेचं पान असतं. तिथे त्याने विचारलं होतं, ‘दर्यापूर तालुक्यातल्या जुन्या प्रौढ वर्गांची छापील नोंद कोणाकडे आहे का? मी संबंधिताचा जावई आहे, तेव्हा मी लिहिणार नाही.’ तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. मग उत्तर आलं, ‘माझ्याकडे असावी. अकोल्याला या.’ खाली नाव होतं, ‘जिल्दसाज’.

या जिल्दसाजशी नागसेन चार वर्षं भांडत होता. धामणगाव रेल्वे या गावाच्या पानावरून तर दोघांचं महिनाभर वाजलं होतं. तोंड मात्र एकानेही दुसऱ्याचं पाहिलेलं नव्हतं. रविवारी आम्ही दोघं एसटीने अकोल्याला गेलो. दार उघडलं ते सत्तरीच्या एका पांढऱ्या दाढीच्या माणसाने. त्यांचं नाव अब्दुल रहीम. पुस्तकं बांधायचा धंदा, वडिलांपासूनचा.

“आव नागसेनभाऊ,” ते हसत म्हणाले. “मले वाटलं तुमी कोनी खडूस मास्तर असान. तुमी त जवान निघाले.”

खोलीच्या तिन्ही भिंतींना छतापर्यंत पुस्तकं होती. बांधायला आलेल्या छपाईत चार-दोन फर्मे, म्हणजे छापील पानांचे जुडगे, जास्तीचे असतात. मालकाला विचारून त्यांतून एक प्रत वडील घरासाठी बांधायचे, तेच पुढे यांनीही केलं. त्यांतलीच एक त्यांनी माझ्यापुढे ठेवली. तालुक्यातल्या प्रौढ वर्गांचा १९६३ सालचा छापील अहवाल. पान सतरा. मी बोट फिरवत खाली आले. सांगवखेड. वर्ग चालक, बुधाजी तायडे. परीक्षेस बसलेले एक्कावन्न. उत्तीर्ण शेहेचाळीस.

बाबांचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. डोळे भरायला हवे होते, पण मी शेहेचाळीसवरच अडले.

“एवढेच?” मी म्हणाले. “दोनशे होते.”

“असतीन, बहेन. अहवाल एकाच सालचा हाये,” अब्दुल रहीम शांतपणे म्हणाले. “पन छापलेले शेहेचाळीस हायेत. आता त्याच्या बाजूचा रकाना पाय.”

बाजूचा रकाना स्त्रियांचा होता. सांगवखेडपुढे एकोणीस. मी वरखाली पाहिलं. तालुक्यातल्या दुसऱ्या वर्गांपुढे दोन, एक, शून्य, तीन, पुन्हा शून्य. एकोणीस फक्त माझ्या बाबांचे. घरात इतकी वर्षं दोनशेचा डंका वाजला, पण या एकोणीस बायांची गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आमच्यापैकी कोणाला ती माहीतच नव्हती. दिवसभर निंदण करून त्या येत असतील आणि बाबा त्यांना फळ्यापुढे बसवत असतील. मला बाबांचा एवढा अभिमान त्यांच्या जिवंतपणी कधी वाटला नव्हता. त्या एकोणीस जणींत माझी आई होती का, ते अहवालात नव्हतं. ती सही करायची, म्हणजे असावी. पण तेही लिहा असं मी म्हटलं नाही.

“वाक्य म्या लिवतो,” अब्दुल रहीम म्हणाले. “म्या तुमचा कोनीच लागत नाही, म्हनून.”

त्यांनी चष्मा चढवला, साल तपासलं, पान क्रमांक दोनदा पाहिला आणि एका बोटाने टाइप केलं, ‘१९६३ साली येथील प्रौढ वर्गात शेहेचाळीस जण साक्षर झाले. त्यांत एकोणीस स्त्रिया होत्या. वर्ग बुधाजी तायडे चालवत.’ नागसेन हात मागे बांधून उभा होता. त्याने की-बोर्डला बोटही लावलं नाही. आत्महत्यांची ओळ वर तशीच राहिली. मीही ती काढा म्हटलं नाही, कारण त्या घरांचं दुःखही खरंच होतं. परतीच्या गाडीत मी नागसेनला खिडकीची जागा दिली. माझ्या हिशेबी ही मोठी माफी होती.

पुढच्या आठवड्यात नागसेन ड्यूटीवर असताना मी पान उघडलं. आता मी रोजच उघडायची. पाहते तर शेहेचाळीसच्या जागी दोनशे. करणारी कोण, ते सांगायला नको. मी इतिहासात गेले आणि नागसेनला करताना पाहिलं होतं तसं जुनं वाक्य परत आणलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘संदर्भात शेहेचाळीस आहे.’

तासाभरात फोन आला.

“आत्या, आतोबांनी पुन्हा आजोबांचे दोनशे खोडले.”

“त्यायनं नाही. म्या खोडले, त्यायच्या खात्यावरून.”

“तू? काहून?”

“दोनशे लिवलं त लोक म्हनतीन, नात आजोबाचं कवतिक करून राहिली,” मी म्हणाले. “शेहेचाळीस कोनाच्या बापालेबी खोडता येत नाही.”